येतो म्हणून गेले

इस्पितळाच्या धुलाईघरात शिफ्ट संपली की घडीवाली एप्रनला हात पुसत ओरडायची, “येते गं!” आणि इस्त्रीच्या मोठ्या रुळापलीकडून तिची जोडीदारीण त्याच ठेक्यात ओरडायची, “येते!”

जोडीदारणीला मराठीतला हा एवढा एकच शब्द येत होता, आणि तोही उलटा. निघणाऱ्यानं ‘येते’ म्हणायचं नि मागं राहणाऱ्यानं ‘ये’ म्हणायचं, हे घडीवालीनं तिला हातवारे करून कितीदा तरी सांगितलं होतं. ती बाई मान डोलवायची, हसायची आणि दुसऱ्या दिवशी परत “येते!” शेवटी घडीवालीनंच नाद सोडला.

दोघींना एकमेकींची भाषा यायची नाही. पण वाफाळती चादर रुळातून बाहेर आली की दोन टोकं हिनं धरायची, दोन तिनं. एक झटका द्यायचा, अंगावर चालून आल्यासारखं पुढं यायचं, टोकाला टोक भिडवायचं, मागं सरायचं. दिवसभर हेच. आता यात बोलायचं काय असतं? ती बाई कायम समोर, म्हणून घडीवालीनं तिचं नावच ‘समोरची’ पाडलं होतं. घरी येऊन सांगायची, “आज समोरचीचं काहीतरी बिनसलंय. चादर ओढत होती.”

‘घडीवाली’ हे नाव पाडलं कुलूपकाकांनी. स्टेशनखालच्या भुयारी वाटेत त्यांचं किल्ल्या बनवायचं खोपट होतं. ते तिच्या नवऱ्याचे जुने दोस्त. आल्यागेल्याला सांगायचे, “या आमच्या घडीवाल्या वहिनी. माणसाची पण घडी घालून कपाटात ठेवतील.” आणि स्वतःबद्दल सांगायचे, “या देशातलं कुठलंही कुलूप दाखवा, उघडून देतो. एक सरकारी खिडकी तेवढी सोडून.”

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याच्या कंपनीनं त्याला या देशात आणलं आणि त्याच्या व्हिसाच्या शेपटाला धरून बायको नि लेक आल्या. शेपटाला धरून हे काही उगाच लिहिलेलं नाही. घडीवालीच्या कार्डावर तिच्या फोटोखाली एकच शब्द होता. आश्रित. ही बाई दिवसभर उभी राहून अख्ख्या इस्पितळाच्या चादरी घडी करत होती, ज्या देशातले आजारी तिनं घडी घातलेल्या चादरीवर झोपत होते, त्या देशाच्या लेखी ती आश्रित. तिला त्याचा राग नव्हता. तिला तो शब्द वाचताच येत नव्हता. लेकीनं एकदा वाचून दाखवला तर म्हणाली, “म्हणजे तुझ्या बाबांच्या आधारानं. बरोबरच आहे की.”

अजून थोडी वर्षं अशीच गेली असती तर तिघांनाही नागरिकत्वाचा अर्ज करता आला असता. नवरा रात्री जेवताना तेच बोलायचा. पासपोर्ट हातात आला की पहिल्यांदा कुठं फिरायला जायचं, यावरून बापलेकीची भांडणं व्हायची.

मग एका सकाळी तो गेला.

घडीवाली मोरीपाशी भांडी घासत होती. हात साबणानं भरलेले. मागून आवाज आला, “येतो.” तिनं वळूनही पाहिलं नाही. “या,” म्हणाली आणि कढई घासत राहिली. रोजचंच होतं. खांद्याला पिशवी होती, हातात डबा होता, एवढं लेकीनं पाहिलं. पान्या-पकडींची लोखंडी पेटी मात्र दाराआडच राहिली होती, हे दोघींच्या संध्याकाळपर्यंत लक्षात आलं नाही.

त्या संध्याकाळी तो आला नाही. फोन बंद. दुसऱ्या दिवशीही नाही. कुलूपकाकांनी इस्पितळं पालथी घातली, कंपनीत फोन केला तर बाहेरच्याला माहिती देत नाही म्हणाले, पोलिसांत जाऊन आले. पोलीस म्हणाले, मोठा माणूस आहे, स्वतःच्या पायानं गेलाय. महिन्याभरानं लेकीच्या फोनवर अनोळखी नंबरावरून दोन शब्द आले. ‘नीट राहा.’ त्या नंबरावर फोन केला तर तोही बंद.

घडीवालीनं रडून गोंधळ घातला नाही. कामावर जात राहिली. रविवारी ती पेटी उघडायची, एकेक पाना तेलाच्या फडक्यानं पुसायची आणि होता तसा ठेवायची. लेक विचारायची, “कशाला?” ती म्हणायची, “गंज चढतो.”

व्हिसाची मुदत संपायला आली तेव्हा कुलूपकाका मायलेकींना मोफत सल्ला केंद्रात घेऊन गेले. बूट दुरुस्तीच्या दुकानावर, जिन्याच्या वर, दोन खोल्या. सगळीकडं सरसाचा वास. खुर्च्या चार आणि चारही चार जातीच्या. तिथल्या वकीलबाई व्हिसा आणि नागरिकत्वाचीच प्रकरणं बघायच्या. पायात खेळाचे बूट, कारण दिवसभर या कचेरीतून त्या कचेरीत पळापळ. टेबलाच्या खणात काळे चकचकीत बूट, ते फक्त साहेबापुढं उभं राहताना. चांगली बाई होती. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे झालं त्यात तिला शिव्या देण्याचा मोह होईल.

केंद्राकडं सगळ्या भाषांचे दुभाषी होते, मराठीचा नव्हता. मग मध्ये बसवलं लेकीला. सतरा वर्षांची पोर. आईबापाच्या संसाराचं काय झालं, हे इकडून तिकडं नि तिकडून इकडं पोचवायचं काम तिच्याकडं.

वकीलबाई समजावून म्हणाल्या, “कायद्यात एक वाट आहे. नवरा कायमचा सोडून गेला असेल तर बायकोला स्वतःच्या नावावर इथं राहता येतं. मुलीसकट. पण तो कायमचा गेला, हे त्यांना पटलं पाहिजे. नुसता घरी नाही, एवढ्यानं भागणार नाही. मुलाखतीत हेच विचारतील. आईला नीट समजाव.”

लेकीनं आईकडं पाहिलं. आई मांडीवर पर्स घट्ट धरून बसली होती, शाळेत पोराच्या मास्तरांसमोर बसावं तशी. ‘कायमचा सोडून’ हे शब्द लेकीच्या तोंडात आले आणि तिथंच थिजले. ती म्हणाली, “आई, बाबा घरी नाहीत, म्हणून तुला वेगळं कार्ड मिळेल म्हणतात. जे झालं ते खरं खरं सांग, बस.”

“एवढंच? मग खरंच सांगणार की.”

वकीलबाईंनी विचारलं, “सगळं सांगितलंस ना?”

“हो,” लेक म्हणाली.

मुलाखतीला घरचा माणूस आत चालत नाही. नियम. आत टेबलापलीकडं एक साहेब आणि टेबलावर फोन. फोनमध्ये कुठल्यातरी लांबच्या गावाहून सरकारी दुभाषी बोलत होता. त्याच्यामागं कुत्रं भुंकत होतं. साहेब हसतमुख होता. पाणी हवं का, खुर्ची ठीक आहे ना, घाबरू नका. घडीवालीला हायसं वाटलं. अशा माणसापासून काय लपवायचं?

“नवरा कुठं गेला?”

“माहीत नाही.”

“भांडण झालं होतं?”

“नाही हो. आमच्यात कधी भांडण नाही.” हे तिनं जरा ठसक्यातच सांगितलं.

“जाताना काही म्हणाला?”

“येतो म्हणाले.”

फोनमधला आवाज साहेबाला म्हणाला, तो म्हणाला, मी येतो. दुभाष्यानं काही चुकीचं सांगितलं नाही. शब्दाला शब्द बरोबर होता. तीच तर गोची झाली.

“सामान नेलं?”

“पिशवी नेली. हत्यारांची पेटी घरीच आहे.”

“ती का नाही नेली?”

“लागेल ना त्यांना. त्यांच्याशिवाय कोण हात लावणार तिला? मीच पुसूनबिसून ठेवते.”

साहेब बराच वेळ टाइप करत होता. मग उठून त्यानं तिच्यासाठी दार उघडलं. बाहेर लेकीला घडीवाली म्हणाली, “फार चांगला माणूस गं. काम झालं बघ.”

निकाल आला तो कुलूपकाकांनी खोपटात, किल्ल्यांच्या भुश्यात उभं राहून वाचला. पहिल्या परिच्छेदात होतं, पती तात्पुरता बाहेर असून परत येण्याचा इरादा त्यानं स्वतः बोलून दाखवला आहे, त्याची हत्यारं घरी आहेत, सबब पतीनं सोडून दिल्याचं सिद्ध होत नाही. दुसऱ्या परिच्छेदात होतं, पती इथं राहत नसल्यानं आश्रित म्हणून मुदतवाढ देता येत नाही.

काकांनी तो कागद उलटा करून पाठीमागं काही आहे का पाहिलं. “म्हणजे वरच्या ओळीत नवरा आहे आणि खालच्या ओळीत नवरा नाही! वहिनी, हा नवरा आहे की हवामानाचा अंदाज?”

घडीवाली हसली नाही. “मला काढणार का हो भाऊजी?”

काका कानस उचलून उगाच एक किल्ली घासत बसले.

पुन्हा बूटवाल्याच्या वरचा जिना. या वेळी काकाही बरोबर. वकीलबाईंनी डोकं धरलं होतं. “तो परत येणार म्हणाला, असं तुम्ही सांगितलंत कशाला?”

लेकीनं ते आईला सांगितलं. घडीवाली चिडली. जन्मात क्वचित चिडणारी बाई. “मी असं कुठं म्हणाले? परत येणार असं ते म्हणालेच नाहीत. येतो म्हणाले, एवढंच.”

लेकीनं हे वकीलबाईंना सांगायला तोंड उघडलं आणि तशीच थांबली. त्या भाषेत ही दोन्ही वाक्यं एकच होत होती.

तेव्हा काका पुढं सरसावले. “मॅडम, ऐका. आमच्यात जातो म्हणायची सोयच नाही. अशुभ वाटतं. दूध आणायला निघाला तरी येतो, परगावी निघाला तरी येतो. स्मशानात नेतात तो सोडून झाडून सगळे येतोच म्हणतात. तो बिचारा बोलू शकत नाही म्हणून, नाहीतर त्यानंही म्हटलं असतं.”

वकीलबाई खुर्चीत पुढं झाल्या. “म्हणजे हा नुसता निरोप? याचा अर्थ येणं असा होत नाही?”

काकांनी दोन्ही हात पसरले. “होतो पण आणि नाही पण.”

“कायद्याला दोन्ही चालत नाही,” वकीलबाई म्हणाल्या.

त्यांनी तिथूनच नवऱ्याच्या कंपनीत फोन लावला. बराच वेळ कोणाकोणाशी बोलल्या. फोन ठेवला तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता, वकिलाला पुरावा मिळाला की उजळतो तसा. त्या भराभर बोलायला लागल्या. मग त्यांना लेकीचं तोंड दिसलं आणि त्या गप्प झाल्या.

“काय म्हणतात?” घडीवालीनं विचारलं.

या वेळी लेकीनं काही गाळलं नाही. “बाबांनी नोकरी आधीच सोडली होती, आई. स्वतःहून. गेले त्याच्या महिनाभर आधी. म्हणजे त्यांचं ठरलं होतं.”

खालून बूटवाल्याचा हातोडा ऐकू येत होता.

घडीवाली म्हणाली, “मग महिनाभर रोज सकाळी डबा घेऊन कुठं जात होते?”

याचं भाषांतर कोणी केलं नाही. वकीलबाईंनीही विचारलं नाही.

लेक खाली बघून म्हणाली, “मागच्या वेळी वकीलबाईंनी ‘कायमचे सोडून गेले’ असं सांगायला सांगितलं होतं. मी तुला सांगितलं नाही.”

आईनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

वकीलबाईंनी अपील केलं. त्याला जोडायला प्रतिज्ञापत्र. लेकीनं ते मराठीत वाचून दाखवलं. ‘आमच्या भाषेत घरातून निघताना येतो किंवा येते म्हणण्याची केवळ पद्धत आहे. त्या शब्दाला परत येण्याचा कोणताही अर्थ नाही. पती परत येईल असे मला तेव्हाही वाटले नाही आणि आताही वाटत नाही.’ खाली तिची सही हवी होती. शपथेवर.

घडीवालीनं ते दोनदा वाचायला लावलं. “कोणताही अर्थ नाही, असं नका ना लिहू. थोडा असतो.”

वकीलबाई थकलेल्या आवाजात म्हणाल्या, “थोडा लिहिला तर ते तेवढाच धरतील. तुम्हाला मुलीजवळ राहायचंय ना?”

या प्रश्नाला उत्तर काय असणार? एखाद्याला पाण्यात ढकलून, पोहायचं आहे ना, असं विचारण्यासारखं. तिनं सही केली.

त्या रात्री भाकरी-भाजी तशीच राहिली. लेक ताटावरून उठली. “म्हणजे तू रोज कामाला जाताना मला येते म्हणतेस, त्यालाही काही अर्थ नाही?”

“तुझं वेगळं असतं गं.”

“शपथेवर लिहिलंयस तू. त्यात कुठं माझं वेगळं लिहिलंय? शब्द एकच आहे, आई.”

“ते सरकारला सांगायला.”

“बाबाही मग आपल्याला सरकारच समजले.”

पोरीची जीभ बापावर गेली होती. घडीवालीनं भाकरी झाकून ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती सवयीनं दारातून म्हणाली, “येते गं.” आतून नुसतं “हं” आलं. रोज ‘ये’ यायचं. त्या दिवसापासून ‘हं’.

सुनावणीच्या दिवशी वकीलबाईंनी खणातले काळे बूट घातले होते. खोली छोटी, पडदे जाड, कोपऱ्यात पाण्याची बाटली उलटी टाकलेलं यंत्र. ते मधेच पोटात गुडगुडल्यासारखा आवाज करायचं. लेकीला मागच्या बाकावर बसू दिलं, पण बोलायचं नाही या अटीवर. दुभाषी या वेळी समोर हजर होता. मऊ स्वेटर घातलेला, वयस्कर, चांगलं स्वच्छ मराठी बोलणारा गृहस्थ. घडीवालीला माहेरचं कोणी भेटल्यासारखं झालं.

वकीलबाई छान बोलल्या. शब्दाचा अर्थ सांगितला, नोकरी आधीच सोडल्याचं सांगितलं. साहेबिणीनं, म्हणजे अपील ऐकणाऱ्या बाईनं, सगळं शांतपणे ऐकलं आणि मग थेट घडीवालीकडं वळली.

“पहिल्या मुलाखतीत तुम्ही म्हणालात, तो येतो म्हणाला. आता म्हणता त्या शब्दाला अर्थ नाही. यातलं खरं कुठलं?”

दुभाष्यानं विचारलं. घडीवाली म्हणाली, “दोन्ही.”

वकीलबाईंनी डोळे मिटले.

“तुम्हाला काय वाटतं? तो परत येईल?”

हा प्रश्न येणार, हे वकीलबाईंनी सांगून ठेवलं होतं. उत्तरही पढवलं होतं. दोन अक्षरांचं. दुभाषी तिच्याकडं बघत थांबला. घडीवालीनं मागं वळून लेकीकडं पाहिलं. ज्या नवऱ्यानं महिनाभर खोटा डबा नेला, त्याची तिला कीव येत होती की चीड, हे तिचं तिलाही कळत नव्हतं. पण लेकीचं काय होईल, ते कळत होतं.

“नाही,” ती म्हणाली.

साहेबीण कागद चाळत म्हणाली, “आधीच्या नोंदीत एक हत्यारांची पेटी आहे. ती आता कुठं आहे?”

वकीलबाईंनी झटकन मान वर केली. पेटीचं काही त्यांनी पढवलंच नव्हतं.

“घरी.”

“तुम्ही ती अजून पुसता?”

खोटं बोलायचं असतं तर ही जागा होती. कुलूपकाकांना विकली म्हणायचं, फेकली म्हणायचं. कोण बघायला येणार होतं? पण ‘नाही’ म्हणताना तिच्या अंगातला सगळा खोटेपणा खर्च झाला होता. फारसा नव्हताच मुळात.

“पुसते.”

“तो येणार नाही, तर मग कुणासाठी?”

यंत्र पोटात गुडगुडलं. घडीवालीनं बोलायला तोंड उघडलं. गंज चढतो म्हणून, हे खरं उत्तर होतं, पण ते इथं कोणाला सांगणार? ती दुभाष्याकडं बघत राहिली, जणू त्याला ठाऊक असेल. तो बिचारा वहीकडं बघत राहिला.

बाहेर व्हरांड्यात दुभाष्याला पक्षकाराशी बोलायची मनाई होती. तो मान खाली घालून शेजारून चालला होता. जाता जाता त्याचा पाय रेंगाळला, आणि रीतच ती, तोंडातून निघून गेलं, “बरंय ताई, येतो.”

निघून गेलं आणि त्यानं जीभ चावली. घडीवाली म्हणाली, “या.”

निकालाला वेळ लागला. पण जो लागायचा तोच लागला. दोन जबाबांत विसंगती, अर्जदार विश्वासार्ह नाही, अपील फेटाळलं. आधी तिनं शब्द खरा धरला म्हणून नाकारलं, मग खोटा म्हणाली म्हणून नाकारलं. अशा लोकांशी भांडायला माझ्यासारख्याचा गळा पुरत नाही, तिथं तिचं काय! वकीलबाईंनी जीव तोडून एवढंच मिळवलं की लेक इथं शिकलेली, आता अठराची झालेली, तिला शिक्षणासाठी स्वतःच्या नावावर राहता येईल. आईनं मात्र देश सोडायचा. पुढची दाद मागायची तर बाहेरून.

लेक म्हणाली, “मी पण येणार तुझ्याबरोबर.”

“गप बस. तुझ्या नावाचं कार्ड आहे. त्यावर आश्रित लिहिलेलं नाही.”

“मग मला पण नको ते कार्ड, असं सांगते त्यांना.”

“सांगशील गं. मीच वाढवलेली ना तू?” आई म्हणाली आणि पहिल्यांदा रडली.

निघायच्या आधी ती सरसाच्या वासाच्या खोलीत जाऊन आली. वकीलबाई म्हणाल्या, “माझं चुकलं. पेटीचं मी आधी विचारायला हवं होतं.” घडीवालीला एवढं तिथल्या भाषेत कळलं. तिनं मोडकंतोडकं उत्तर दिलं, “तुम्ही चांगले. पेटी पण चांगली.” त्यावर दोघी हसल्या.

लेकीची सोय कुलूपकाकांच्या घरी झाली. पेटीही तिकडंच गेली. काका म्हणाले, “वहिनी, मी कुलपाचा माणूस, लिफ्टच्या पान्यांचं काय करू?” पण त्यांनीच ती उचलली आणि पलंगाखाली सरकवली.

धुलाईघरातल्या शेवटच्या दिवशी घडीवालीनं कोणालाच काही सांगितलं नाही. सांगायला शब्द कुठले आणायचे? दिवसभर दोघींनी चादरी झटकल्या, टोकाला टोक भिडवलं. शिफ्ट संपली. तिनं एप्रन काढला, घडी केला, आणि त्याच्या नाडीशी चाळा करत उभी राहिली.

“येते!” समोरची रुळापलीकडून ओरडली आणि वाट बघत थांबली.

घडीवालीनं एप्रनची आणखी एक घडी घातली.

“येते?” समोरचीनं परत विचारलं. या वेळी आवाज लहान झाला होता.

घडीवाली तिच्याजवळ गेली, तिचे वाफेनं लाल झालेले हात दाबले आणि काही न बोलता बाहेर पडली.

देश सोडायच्या दिवशी हजर व्हायचं होतं त्याच इमारतीत, जिथं हसतमुख साहेबानं तिच्यासाठी दार उघडलं होतं. एकच बॅग चालणार होती. काचेच्या दारापर्यंत लेक आणि काका. त्यापुढं फक्त जिचं नाव पुकारलं ती.

नाव पुकारलं. तिथल्या माणसाच्या तोंडी ते कोणा भलत्याच बाईचं वाटलं. घडीवालीनं बॅग उचलली. लेकीच्या केसांवरून हात फिरवला. आता काहीतरी म्हणायला हवं होतं. आयुष्यभर उंबऱ्यावर तोंडातून आपोआप निघणारा शब्द ओठांपर्यंत आला आणि अडला. त्याला कोणताही अर्थ नाही, असं तिनं स्वतः सही करून दिलं होतं. आणि दुसरा शब्द, जाते, तो म्हणायला तिची जीभ वळेना. ती तशीच उभी राहिली. काका तोंड फिरवून दाराच्या कुलपाकडं बघत राहिले.

ती वळली. काचेचं दार बाजूला सरकलं.

“ये,” मागून लेक म्हणाली.

घडीवाली थबकली. कित्येक महिन्यांनी ऐकला तो शब्द, आणि तिनं न म्हटलेल्या शब्दाला आलेला.

“ये, आई.”

दार सरकून बंद झालं. आतल्या टेबलावरच्या माणसानं कागदावरून नजर वर केली. त्याला काचेपलीकडची मुलगी काहीतरी ओरडताना दिसली होती. त्यानं नोंदीच्या आवाजात विचारलं, “काय म्हणाली ती?”

इथं फोन नव्हता, दुभाषी नव्हता. घडीवालीनं बॅग खाली ठेवली. तिथल्या भाषेतले जमतील ते चार शब्द तिनं गोळा केले.

“काही नाही, साहेब,” ती म्हणाली. “आमच्यात असंच म्हणतात.”